दुधाळ्याचा माळ

इमारत पाहावयास निघालेल्या माणसाला इमारतच दिसूं नये, यासारखा विरस दुसरा नाहीं. २०२३ च्या मे महिन्यांत, भर उन्हांत, मी औंढा नागनाथजवळच्या दुधाळ्याच्या माळावर उभा होतों आणि माझ्यापुढें कुसळें, खुरटीं झाडें, काळे दगड व थरथरणारें ऊन यांखेरीज कांहीं नव्हतें. शेजारीं माझे आतेभाऊ होते. त्यांचें सारें आयुष्य हिंगोली जिल्ह्यांत शेती करण्यांत गेलें; माझें पुण्यास घरांचे नकाशे काढण्यांत. "हे बघ," दादा हात करून म्हणाले, "एक भुजा इकडं चार किलोमीटर, दुसरी तिकडं चार किलोमीटर. मधीं काटकोन." एखादा राक्षस गवंडी आपला गुण्या या माळावर विसरून गेला आहे, असें चित्र क्षणभर माझ्या डोळ्यांपुढें उभें राहिलें.

या माळावर जी वास्तु व्हावयाची आहे ती आकाशाच्या वेधासाठीं. पण तिच्यांत दुर्बीण असणार नाहीं. अवकाशांत प्रचंड वस्तु एकमेकींभोंवतीं फिरत फिरत एकरूप झाल्या म्हणजे अवकाशालाच तरंग सुटतात. असे तरंग असले पाहिजेत असें आइन्स्टाइननें १९१६ सालीं गणितानें सांगितलें होतें. ते पकडण्यासाठीं अमेरिकेंत हॅनफर्ड व लिव्हिंग्स्टन येथें लायगो या नांवाच्या दोन वेधशाळा आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजीं त्यांना पहिला तरंग सांपडला. सुमारें १३० कोटी वर्षांपूर्वीं दोन कृष्णविवरें एक झालीं, त्याची ती वार्ता होती. तशी वार्ता आकाशाच्या कोणत्या कोपऱ्यांतून आली हें नेमकें सांगावयाचें तर दूरदेशीं आणखी एखादी वेधशाळा हवी. म्हणून एप्रिल २०२३ मध्यें केंद्र सरकारनें या माळासाठीं २,६०० कोटी रुपये मंजूर केले. वर्तमानपत्रांतील ती बातमी वाचूनच मी दादांकडे आलों होतों.

वास्तु जमिनीशीं एकजीव असावी, असें आम्हां नकाशे काढणारांचें एक आवडतें मत आहे. दगड त्याच मातीच्या रंगाचा घ्यावा, छप्पर फार उंच नेऊं नये, झाडास कुऱ्हाड लावूं नये, इतकें केलें कीं आम्ही समाधान पावतों. पुण्यास चार्लस कोरिया यांनीं आयुका या संस्थेचें आवार बांधलें आहे. त्याच्या काळ्या दगडी भिंती मीं कितीदां तरी पाहिल्या आहेत आणि सह्याद्रीचा खडकच वर आला आहे असें मनांत म्हटलें आहे. ती संस्था दुधाळ्याच्या या कामांतही भागीदार आहे. पण येथें डोळ्याला काय दिसतें याला महत्त्व नाहीं. या घरानें जमिनींत मिसळावयाचें तें रंगानें नव्हे, तर मौनानें.

हॅनफर्डची वेधशाळा वाळवंटी प्रदेशांत आहे. तेथें वाऱ्यानें उपटलेलीं वाळकीं झुडुपें गडगडत येतात आणि लांबच लांब भुजांना अडून त्यांचे ढीग होतात. ते वारंवार काढावे लागतात. कांहीं वर्षांपूर्वीं तेथील यंत्राच्या नोंदींत एक चमत्कारिक खडखडाट उमटूं लागला. शोध केला तेव्हां कळलें, कीं तहानलेले डोमकावळे एका नळीवर साचलेल्या बर्फावर चोंची मारीत होते! कृष्णविवरांची कुजबूज ऐकावयास बसलेल्या कानाला कावळ्याची चोंच ऐकूं यावी, यांत नवल नाहीं. या तरंगानें चार किलोमीटर लांबीच्या भुजेंत जो फरक पडतो, तो अणुगर्भांतील एका प्रोटॉनच्या रुंदीच्या सहस्रांशाहूनही कमी असतो.

आणि बांधकाम तरी केवढें कठीण! प्रत्येक भुजेंत सुमारें सवा मीटर व्यासाची पोलादी नळी, आणि तींतील हवा जवळजवळ सर्व काढून टाकलेली. चाळीस किलो वजनाचे आरसे एकाखालीं एक अशा चार लंबकांच्या सांखळींत, कांचेच्या तंतूंनीं टांगलेले. पण माझ्या धंद्याला ज्यानें नमविलें ती गोष्ट निराळीच. चार किलोमीटर अंतरांत पृथ्वीची पाठ सरळ रेषेपासून मीटरभराहून अधिक वळते. म्हणजे पाणसळीनें साधलेली जमीन येथें चुकीची ठरते आणि दोन टोंकांना सोडलेले दोन ओळंबे एकमेकांना समांतर राहत नाहींत! ज्या दोन हत्यारांवर मीं जन्मभर विश्वास टाकला, तीं येथें अपुरीं पडतात. उजेडाला पाण्याची वळणदार सपाटी चालत नाहीं.

हें सारें मीं दादांना मोठ्या उत्साहानें सांगितलें आणि शेवटीं म्हटलें, "मोठे रस्ते, रेल्वे, कारखाने, समुद्र, सगळ्यांपासून लांब आणि शांत अशी जागा हवी होती. तुमच्या जिल्ह्यांत ती मिळाली. केवढें भाग्य!"

दादा कांहीं वेळ बोलले नाहींत. मग म्हणाले, "शांतता आमच्याकडं लई आहे बाबा. कारखाना नाहीं म्हणून शांत. तू गेलास, माझीं दोन्ही पोरं गेलीं. घर बी शांतच आहे."

मला उत्तर सुचलें नाहीं. ज्या उणिवेमुळें आम्ही हा मुलूख सोडला, तीच उणीव आतां गुण म्हणून यादींत लिहिली गेली होती, आणि ती वाचून आनंदणारा मी पुण्याच्या गोंगाटांत सुखानें राहणारा! शिवाय ही शांतता एकदां मोजून घेतली कीं संपलें असें नाहीं. यंत्र चालेल तोंवर ती राखावी लागणार. भोंवतालीं खाणी, जड वाहतूक, मोठे कारखाने यांना आवर घालावा लागणार. म्हणजे विश्वाची वार्ता ऐकण्यासाठीं या गांवांनीं मौन पाळावयाचें. तें त्यांनीं का पाळावें?

जमीनही पूर्ण मुकी नाहीं. वसमत, कळमनुरी व औंढा या तालुक्यांतील गांवांना भूगर्भांतून येणारे गूढ आवाज परिचयाचे आहेत. पुढच्याच वर्षीं, २१ मार्च २०२४ रोजीं पहांटे, ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. दादांना फोन केला तेव्हां ते अंगणांत बसून होते. हें थरथरणें यंत्र टिपील, वेगळें काढील आणि बाजूस ठेवील. त्याला तें करणें भागच आहे. अंगणांत बसलेल्या माणसाला मात्र कोणी बाजूस ठेवूं नये.

त्या मे महिन्यांतील संध्याकाळीं आम्ही नागनाथाच्या दर्शनास गेलों होतों. खालीं काळ्या दगडाचें जुनें शिल्पकाम, वर मागाहून झालेलें पांढरें बांधकाम. आणि देव तळघरांत, वाकून उतरावें तेव्हां भेटणारा. देवळासमोर कीर्तन करणाऱ्या नामदेवांना पुजाऱ्यांनीं मागच्या बाजूस घालविलें, तेव्हां देऊळच फिरलें आणि त्यांच्याकडे तोंड करून उभें राहिलें, अशी कथा येथें सांगतात. नंदी अजून मागेंच आहे. ही कथा मीं लहानपणापासून ऐकली होती. त्या दिवशीं प्रथमच मला ती वास्तुशास्त्राची वाटली. घर जमिनींत मिसळलें कीं नाहीं, हें त्याच्या दगडाच्या रंगावरून ठरत नाहीं. ज्यांना मागें सारलें, त्यांच्याकडे तें तोंड वळवतें कीं नाहीं, यावरून ठरतें.

दुसऱ्या दिवशीं गाडीवर पोंचवावयास आलेले दादा खिडकीशीं येऊन हळूच म्हणाले, "थोरल्याचा पोरगा गणितांत बरा आहे. त्या तुमच्या पुण्याच्या संस्थेंत काय शिकावं लागतं, तेवढं विचारून ठेव."

परत आल्यावर पहिलें काम मीं तें केलें.