मोडीतून उडालेली विमाने

दिल्लीस गेलेला मराठी माणूस लाल किल्ला पाहतो, कुतुबमिनार पाहतो आणि चांदणी चौकात खिसा हलका करून परततो. मी मात्र या खेपेस वाट वाकडी करून पालमला गेलो. तिथे आपल्या हवाई दलाचे संग्रहालय आहे. १९६७ साली स्थापन झालेले.

हँगरमध्ये ‘वापिटी’ हे दुपंखी विमान पाहिले. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीस हवाई दलाची पहिली तुकडी उभी राहिली, ती अशा चार विमानांवर. १९६५ च्या युद्धात नाव काढलेले चिमुकले ‘नॅट’ही पाहिले. पण माझे पाय खिळले ते अजस्र ‘लिबरेटर’पाशी. चार इंजिने, आणि पंखांचा पसारा ११० फूट!

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेने अशी १८ हजारांहून अधिक विमाने बांधली. युद्ध संपले आणि बहुतेक सारी भंगारात गेली. ब्रिटिश हवाई दलाची काही कानपूरला पडून होती. अमेरिकेकडून उसनवारीच्या करारावर आलेली ही विमाने दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडू नयेत, म्हणून जाण्यापूर्वी त्यांची मोडतोड करण्यात आली.

पण आपण पडलो कल्हईवाल्याकडून तीच पातेली पुन्हा पुन्हा उजळून घेणारी माणसे! १९४८ मध्ये हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी ही मोड उपसली. एकाचा भाग दुसऱ्याला जोडून जुजबी डागडुजी केली, आणि जमशेद मुन्शी या धाडसी चाचणी-वैमानिकाने ती विमाने बंगलोरला उडवत नेली. तिथे ती पुरती दुरुस्त झाली. पुढे सहाव्या तुकडीची लिबरेटरे पुण्याच्या लोहगावहून समुद्रावर टेहळणीस जाऊ लागली. १९६८ अखेर त्यांनी निवृत्ती घेतली.

तोवर परदेशांत या विमानाचे नमुने दुर्मिळ झाले होते. मग १९६९ साली एक लिबरेटर भारतातून अमेरिकेत ॲरिझोनाच्या संग्रहालयाकडे गेले, १९७४ साली दुसरे ब्रिटनच्या हवाई दल संग्रहालयाकडे. ज्यांनी मोडीत काढली, त्यांच्याच घरी ती देवघरातल्या मूर्तीसारखी जपली गेली.

विमान उडायचे थांबले म्हणजे त्याची देखभाल संपत नाही. उन्हाने रंग उडतो, ओलीने पत्रा गंजतो, टायरांचे रबर तडकते. नुसते उभे ठेवायलाही माणसे लागतात आणि पैसा लागतो. आणि पाहायला कुणी येत असेल तरच तो मिळतो. तेव्हा दिल्लीस जाल तेव्हा मुलांना पालमला अवश्य न्या. आपल्या मिस्त्रींच्या हातांची ही करामत त्यांना दाखवायलाच हवी.