पंधरा वर्षांनी पुन्हा नेम

मैत्रिणींनो, या पानावर तुम्ही भरतकामाच्या, गाण्याच्या, मोडलेल्या आणि पुन्हा धरलेल्या कितीतरी छंदांविषयी वाचलं असेल. माझा छंद सांगितला की बायका आधी हसतात आणि मग जरा मागे सरकतात. मी रायफलनं नेमबाजी करते. शिकार नव्हे हं! कागदावरच्या काळ्या वर्तुळावर, लेटून, श्वास धरून.

२००६ ते २००९ ही तीन वर्षं मी कोल्हापुरात बी.ए. करत होते. एन.सी.सी. घेतली ती खरं म्हणजे मैत्रिणीनं घेतली म्हणून. परेडमध्ये मी यथातथाच होते. पण पंचवीस यार्डांवर पहिल्यांदा पॉइंट टू-टू रायफल खांद्याला लावली आणि कसं कोण जाणे, माझ्या पाच गोळ्या रुपयाच्या नाण्याखाली झाकतील एवढ्या जवळ बसल्या. उस्तादांनी कागद दोनदा पाहिला. म्हणाले, "बेटा, हे नशिबानं होत नाही."

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी एका निवड शिबिराच्या यादीत माझं नाव लागलं. त्याच आठवड्यात माझी सुपारी फुटली. शिबिर आणि लग्न यांच्यात चार दिवसांचं अंतर होतं. मला कुणी 'जाऊ नको' म्हटलं नाही. मीच विचारलं नाही. आजही आईवर राग काढावासा वाटतो तेव्हा हे आठवतं, आणि राग कुठे ठेवावा ते कळत नाही.

नाशिकला सासरी आले. शाळेत अर्धवेळ नोकरी, मग लेक, मग सासूबाईंचं गुडघ्याचं दुखणं. ऑगस्ट २०१० मध्ये आमच्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंतनं म्युनिकला पन्नास मीटर प्रोन प्रकारात ५९७ गुण मिळवून जागतिक अजिंक्यपद जिंकलं. ज्या वर्तमानपत्रात बातमी होती, त्यावरच मी मेथी निवडत होते. बातमीवरची पानं बाजूला केली, वाचली, आणि पुन्हा निवडायला लागले. कुणाला काही बोलले नाही.

२०२२ साली यांना इंग्लंडमध्ये नोकरी लागली आणि आम्ही लेस्टरला आलो. इथं गुजराती दुकानांमुळे कोथिंबीर-मिरचीची अडचण नाही, पण दिवस फार शांत असतात. आठवड्यातून तीन सकाळी मी एका प्राथमिक शाळेत मदतनीस शिक्षिका म्हणून जाते. बाकी वेळ घर.

१ ऑगस्ट २०२४ ला, शाळेला सुट्टी असताना, पॅरिस ऑलिंपिकमधली पन्नास मीटर थ्री पोझिशनची अंतिम फेरी सकाळीच लागली. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे त्यात होता. पोहे भिजवलेले तसेच राहिले. हे चहा पिता पिता म्हणाले, "झोपून मारतात? मग त्यात अवघड काय?" मी न थांबता सांगत सुटले, की लेटल्यावर छातीचा ठोका रायफलीत उतरतो, म्हणून छाती जरा तिरकी ठेवायची, अर्धा श्वास सोडून धरायचा, ट्रिगर ओढायचा नाही, दाबायचा, आणि गोळी सुटल्यावरही क्षणभर हलायचं नाही. स्वप्नीलला ब्राँझ मिळालं तेव्हा माझ्या डोळ्यांना धारा. हे टीव्हीकडे न बघता माझ्याकडे बघत होते. पंधरा वर्षांच्या संसारात यांना एवढंच ठाऊक होतं, की बायकोकडे एन.सी.सी.चं 'सी' सर्टिफिकेट आहे. त्यांना वाटे, म्हणजे लेफ्ट-राइट!

घरापासून वीस मिनिटांवर एक जुना रायफल क्लब आहे, हे मला बसच्या खिडकीतून माहीत होतं. चौकशी करायला मात्र सप्टेंबर उजाडला. पहिला अडसर घरातलाच. हे म्हणाले, "आपण परक्या देशात व्हिसावर राहतोय. पोलिसांत नाव जाईल असं काही कशाला?" आणि ते चुकीचं नव्हतं. सरकारमान्य क्लबात नवा सभासद अर्ज करतो तेव्हा त्याचं नाव-पत्ता क्लब पोलिसांना कळवतोच. पहिल्याच दिवशी लिहून द्यावं लागतं, की कुठल्याही शिक्षेमुळे आपल्याला बंदूक हाताळायची मनाई नाही. मग किमान तीन महिने उमेदवारी. तेवढ्या काळात तुम्ही कसं वागता, सांगितलेलं ऐकता की नाही, हे लोक बघतात. रायफल क्लबची आणि क्लबातच कुलपात. सभासदानं क्लबची रायफल क्लबात वापरायला वेगळा परवाना लागत नाही. स्वतःची हवी असेल तर मात्र पोलिसांचं सर्टिफिकेट, डॉक्टरांकडून तब्येतीची माहिती, घरी पोलादी कपाट, सगळं आलं. मी यांना म्हटलं, "मला रायफल घरी आणायची नाही. मला मंगळवारची संध्याकाळ हवी आहे." दोन दिवस अबोला होता. तिसऱ्या दिवशी यांनीच बसचं वेळापत्रक काढून दिलं.

दुसरी गोष्ट मी घाईनं केली आणि पस्तावले. शाळेत मधल्या सुट्टीत, चहाच्या खोलीत, उत्साहानं सांगून टाकलं. एका वयस्क सहकारी बाईंनी कप खाली ठेवला आणि त्या उठून गेल्या. मला कळेना. दुसरीनं हळूच सांगितलं, त्या स्कॉटलंडच्या. १३ मार्च १९९६ ला डनब्लेन गावच्या प्राथमिक शाळेत एका माणसानं सोळा मुलं आणि त्यांच्या बाई गोळ्या घालून मारल्या. त्यानंतर १९९७ मध्ये या देशानं पिस्तुलं बाळगायलाच बंदी घातली. रायफलींचे नियमही त्याआधी, १९८७ च्या हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर कडक झालेच होते. त्या रात्री मला झोप लागली नाही. मी रोज पाच-सहा वर्षांच्या पोरांच्या बुटांच्या नाड्या बांधते. माझ्याच हातानं मी ही वस्तू धरायची का? उत्तर असं काही मिळालं नाही. एवढंच वाटलं, की ज्या देशाला ही जखम माहीत आहे तिथं माझ्यासारखीला तीन महिने पारखून घेतात ते बरंच आहे. त्या बाईंशी मी दुसऱ्या दिवशी बोलले, माफी मागितली. त्या "तुझी चूक नाही" म्हणाल्या. तो विषय आम्ही दोघी अजून काढत नाही.

तिसरा अडसर ऐकून तुम्हांला गंमत वाटेल. रायफलचा पट्टा डाव्या दंडाला आवळून पंज्याच्या मागून फिरवून घेतात, त्यावर रायफलचं ओझं राहतं. त्यात माझ्या काचेच्या बांगड्या! दोन पिचल्या, एक मनगटात रुतली. पालथं झोपल्यावर मंगळसूत्राच्या वाट्या बरगडीत टोचतात ते निराळंच. सासूबाईंचा फोन आला तेव्हा मी भीत भीत सांगितलं. आधी "बंदूक? आपल्या घरात?" झालं. मग बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं, लाइन गेली. तर म्हणाल्या, "डाव्या हातातल्या काढ. उजव्यातल्या राहू देत. आणि मंगळसूत्र पाठीवर टाक, मी दळण दळताना टाकायची तसं." एवढं सोपं उत्तर माझ्या बी.ए.च्या डोक्यात आलं नव्हतं.

पहिली संध्याकाळ काही अभिमानाची नव्हती. क्लबची रायफल म्हणजे जुनी बी.एस.ए. मार्टिनी, इथून तासाभरावरच्या बर्मिंगहॅमची. आपल्याकडे बी.एस.ए. म्हटलं की मोटारसायकल आठवते, तीच कंपनी. या रायफलीला खालून खटका असतो, तो खाली ओढला की गोळी घालायची जागा उघडते. एन.सी.सी.त उघड्या माशीनं नेम धरायची सवय. इथं मागच्या बारीक भोकातून पुढचं कडं पाहायचं आणि कड्यात काळं वर्तुळ बसवायचं. सदतीस वर्षांच्या डोळ्यांना ते वर्तुळ धुकट दिसायला लागलं की समजावं, फार वेळ धरलं. रायफल खाली घ्यावी, डोळे मिटावे, पुन्हा पहिल्यापासून.

एका कागदावर दहा वर्तुळं, लहान पुरीएवढी. मधला दहाचा गोल शर्टाच्या बटणापेक्षा थोडाच मोठा. प्रत्येकात एकच गोळी, म्हणजे शंभरापैकी गुण. भोकाची बाहेरची कड रेषेबाहेर गेली तर खालचा गुण, इथला हिशेब असा कंजूष. माझे पहिले ७१. तेही एका वर्तुळात मी चुकून दोन गोळ्या घातल्या होत्या. सेक्रेटरी आजोबा सत्तरीचे, फार बोलत नाहीत. म्हणाले, "उजवा खांदा घट्ट करता, बाईसाहेब. कुणी हिसकावून नेत नाही." (बाईसाहेब माझं, ते 'माय डिअर' म्हणाले होते.)

डिसेंबरपर्यंत ८८ झाले. मग मी पक्की सभासद झाले आणि त्यांनी मला टपालाच्या लीगमध्ये घातलं. हा प्रकार मला फार आवडला. समोरासमोर यायचं नाही. आपल्या क्लबात साक्षीदारासमोर कागद मारायचा, पाकिटात घालून तपासणाऱ्याकडे पाठवायचा. कुठल्याशा गावातली कुणी अनोळखी बाई किंवा बुवा आपल्या कागदाशी तिचा-त्याचा कागद लढवतो, आणि निकाल पोस्टानं घरी येतो. आपल्याकडच्या मासिकांतल्या शब्दकोड्याच्या स्पर्धेसारखं.

एक सूचना करते, कारण आपल्या पानाला ती शोभते. गोळ्यांत शिसं असतं. परत आल्यावर आधी हात गार पाण्यानं साबण लावून धुवावेत, कपडे वेगळे काढावेत, मगच कणकेला हात लावावा. पहिल्या आठवड्यात मी तशीच स्वयंपाकघरात शिरले तेव्हा लेकीनंच टोकलं. तिनं क्लबच्या भिंतीवरची पाटी वाचली होती.

माझा पहिला टपाली कागद ९३ चा होता. तो पाकिटात घालताना यांनी विचारलं, "त्या शिबिरात गेली असतीस तर?" मी म्हटलं, पाकीट चिकटवा, पोस्ट बंद होईल.

मंगळवारी आमच्याकडे आता खिचडी असते, आणि ती हे लावतात. पहिल्या वेळी पाणी कमी पडलं होतं, खाली लागली. आम्ही तिघांनी वरची वरची खाल्ली.