शेवटचा फर्मा

आमच्या शाळेच्या शिक्षक-खोलीत वाचनाच्या गोष्टी निघाल्या, की मी खिडकीबाहेर पाहू लागतो. मराठीचे सर एखाद्या समीक्षाग्रंथाविषयी बोलतात, विज्ञानाच्या बाई इंग्रजी कादंबरीचे नाव घेतात, आणि मग हमखास कोणीतरी माझ्याकडे वळून विचारते, "तुम्ही तर कादंबरीकार. तुमच्यावर कुणाचा प्रभाव?" अशा प्रसंगी सांगायची दोन-चार भारदस्त नावे मी पाठ करून ठेवली आहेत. खरे नाव सांगण्याचे धैर्य मला पंचेचाळिशी आली तरी झाले नव्हते. पण दिवाळी अंकाचा वाचक चकलीचा तुकडा मोडता मोडता वाचत असतो, त्यामुळे तो जरा क्षमाशील असतो असा माझा समज आहे. म्हणून त्याच्यापाशी सांगून टाकतो. माझ्यावर प्रभाव आहे तो झुंजारचा.

झुंजार म्हणजे बाबूराव अर्नाळकरांचा. दुष्ट धनवंतांना लुबाडणारा, गरिबांच्या मदतीला धावणारा आणि पोलिसांच्या हातावर तुरी देणारा. अर्नाळकरांचे खरे नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९९६ साली ते वारले तेव्हा त्यांच्या नावावर हजाराहून अधिक रहस्यकथा होत्या. झुंजार, धनंजय, काळापहाड ही त्यांची माणसे तीन पिढ्यांच्या उशाशी निजली. त्यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले. कॅप्टन दीपला घेऊन आलेल्या या गृहस्थांनीही हजाराचा आकडा ओलांडला. ते २०२१ मध्ये गेले. पुण्याचे सुहास शिरवळकर यांचे मंदार पटवर्धन, फिरोज इराणी, दारा बुलंद हे त्या मानाने अलीकडचे आणि अधिक देखणे. एवढ्या पुस्तकांविषयी आपल्या वाङ्मयाच्या इतिहासांनी किती ओळी खर्च केल्या, हे ज्याचे त्याने पाहावे.

माझे पुस्तकी शिक्षण दहावीपर्यंतचे. पुढे चित्रकलेची पदविका घेतली आणि मुलांना छायाप्रकाश शिकवू लागलो. बाकीचे जे काही शिकलो ते साताऱ्यास राजवाड्याजवळच्या एका फिरत्या वाचनालयात. वाचनालय कसले, एका जिन्याखालची जागा! दिवसाला पन्नास पैसे भाडे. पुस्तकांना तपकिरी कागदाची कव्हरे, त्यांवर शाईने घातलेले क्रमांक, आणि आत पेन्सिलीने लिहिलेली वाचकांची मते.

ही मते म्हणजे माझे पहिले समीक्षाशास्त्र. 'याच युक्तीने मागच्या पुस्तकात आगगाडीतून सुटला, आता मोटारीतून.' 'विजयाला फार दिवसांनी आणले. आभारी आहे.' 'पिस्तुलात सहा गोळ्या होत्या. ही सातवी. मोजा.' त्याखाली दुसऱ्या अक्षरात, 'मोजल्या. बरोबर आहे.' एका दुष्टाने पहिल्याच पानावर खुनी माणसाचे नाव लिहून ठेवले होते, आणि त्याखाली निरनिराळ्या चार हातांनी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केलेला होता. मोठ्या ग्रंथालयांतली गंभीर पुस्तके मी पुढे पाहिली. त्यांचे समास कोरे होते. कोणी भांडलेलेच नव्हते.

आमच्या आळीत एक निवृत्त हवालदार राहत. त्यांना या मंडळींपैकी कोणीच पसंत नव्हते. "मुडदा पडला रे पडला की हे आले टोपी घालून! पंचनामा कोण करतो ह्यांच्या पुस्तकात?" असा त्यांचा सवाल असे. ते वाचत फक्त बाबा कदम. का, तर ते कोल्हापूरचे आणि पोलीस खात्यात सरकारी वकील होते. "त्या माणसानं कोर्टाची पायरी झिजवलीय," ते म्हणत. उलट आमची आत्या म्हणे, "पंचनामाच वाचायचा तर पुस्तक कशाला हवं?" दोघेही मला आजतागायत बरोबर वाटतात.

परंतु ज्यांच्यामुळे हा लेख लिहायला बसलो ते वाचक साताऱ्याचे नव्हेत, सांगलीचे. मे महिन्यात आम्ही मामाकडे जात असू. कऱ्हाड, इस्लामपूर, आष्टा असे थांबे घेत एस.टी. सांगलीला पोचेपर्यंत आईने शेजाऱ्यांसाठी घेतलेले कंदी पेढे निम्मे झालेले असत. (आमचे आजोबा सांगलीला शेवटपर्यंत 'दक्षिण सातारा'च म्हणत. जिल्ह्याचे नाव १९६० साली बदलले, आजोबांचे बदलले नाही.) मामाचे घर गावभागात. त्याच्या समोरच्या घरात तात्या राहत. ते कोर्टातून निवृत्त झालेले कारकून. पक्षाघाताने कमरेखालचे अंग लुळे पडलेले. खिडकीला लावलेल्या खाटेवर ते पडून असत आणि रोज एक रहस्यकथा वाचत. ती आणून देण्याचे काम सुटीपुरते माझ्याकडे असे. मोबदला म्हणून मूठभर भडंग आणि त्यांच्या आधी पुस्तक वाचण्याची मुभा. अट एकच, तोंड उघडायचे नाही.

तात्यांना खुनी कोण याची फारशी फिकीर नसे. "तो चाळीस पानांत कळतो," ते म्हणत. "मी वाचतो ते झुंजार बरा आहे ना, हे बघायला." मला वाटे, थट्टा करतात. पण पुस्तक संपले की ते खरोखरच घरच्या माणसाविषयी बोलावे तसे बोलत. या वेळी जरा घाईत होता. परवाच्यापेक्षा पुष्कळ बरा. बायकोशी नीट बोलला नाही, हे काही शोभले नाही. ज्याला घराचा उंबरा ओलांडता येत नाही अशा माणसाकडे दर दिवशी कोणी पाहुणा यावा आणि तो कालच्यासारखाच असावा, यात केवढी सोय आहे हे मला त्या वयात कोठून कळणार?

१९९२ सालच्या सुटीत मी आणलेल्या एका पुस्तकाला कव्हर नव्हते आणि शेवटही नव्हता. नाव कळण्याची सोय नव्हती. शेवटची सोळा पाने, म्हणजे पुरता एक फर्मा, शिवणीतूनच निसटलेला. हे मला आधी दिसायला हवे होते. पण त्या दिवशी मी नदीवर पोहायला गेलो आणि पुस्तक न वाचताच तात्यांच्या हाती दिले. संध्याकाळी हाक आली. तात्यांचा चेहरा उतरला होता. "दुसरी प्रत मिळते का बघ रे," ते म्हणाले.

नाव नसलेल्या पुस्तकाची दुसरी प्रत कशी शोधायची? वाचनालयाच्या मालकाने खांदे उडवले. मी रात्री कंदिलापाशी बसून ते पुस्तक वाचून काढले (त्या आठवड्यात वीज रोज जात होती), आणि सकाळी तात्यांना धडधडीत खोटे सांगितले की दुसऱ्या एका दुकानात प्रत होती, मालक घरी नेऊ देईना, म्हणून मी उभ्या उभ्या शेवट वाचून आलो. मग मी शेवट सांगितला. चांगला अर्धा तास सांगितला. त्यात भुयार होते, वेषांतर होते, आणि शेवटी खलपुरुष जिन्यावरून पळत असता झुंजारने त्याला गोळी घालून खाली पाडले.

तात्यांनी डोळे मिटून सगळे ऐकून घेतले. मग म्हणाले, "पळत होता म्हणालास?"

"हो."

"म्हणजे पाठमोरा."

"हो."

"मग हे अर्नाळकरांनी लिहिलेलं नाही. झुंजार पाठीत गोळी घालायचा नाही." थोडा वेळ थांबून त्यांनी विचारले, "तुझं आहे ना हे?"

मी मान खाली घातली. कानशिलात बसेल असे वाटत होते. पण हात तेवढा लांब पोचत नव्हता, किंवा त्यांच्या मनातच नव्हते. ते इतकेच म्हणाले, "भुयार बरं आहे. गोळी बदल."

पुढे मोठेपणी मी शेरलॉक होम्सची हकिगत वाचली तेव्हा मला तात्याच आठवले. कॉनन डॉईलसाहेबांना आपल्या नायकाचा कंटाळा आला आणि १८९३ च्या डिसेंबरात त्यांनी त्याला स्वित्झर्लंडातल्या एका धबधब्यात लोटून दिले. वाचकांनी मासिकाच्या वर्गण्या बंद केल्या, लेखकाला शिव्या देणारी पत्रे धाडली. दहा वर्षांनी, १९०३ साली, साहेबांना त्याला जिवंत करावे लागले. आगाथा ख्रिस्तीबाईही आपल्या पॉयरोला कंटाळल्या होत्या. पण १९७५ पर्यंत त्यांनी त्याला नांदवला. लोक याला वाचकांचे वेड म्हणतात. मला तसे वाटत नाही. लेखकाने एक माणूस वाचकांच्या घरी आणून सोडला, तो तेथे वीस वर्षे जेवला-खाल्ला. आता त्याचे काय करायचे हे एकट्या लेखकाने ठरवावे काय? आमच्या शिक्षक-खोलीतली तरुण मंडळी मोबाईलवर मालिका पाहतात आणि "पाचव्या सीझनला त्याची वाट लावली" म्हणून हळहळतात. तेही तात्यांचेच वारस. फक्त त्यांच्या हाती पेन्सिल नाही.

माझ्या आजवर तीन कादंबऱ्या निघाल्या. तिन्ही निराळ्या, तिन्ही गंभीर. परीक्षणे बरी आली. 'संयत', 'सूचक', 'मातीचा गंध असलेली' वगैरे शब्द मला मिळाले आणि मी ते कात्रणवहीत चिकटवले. पण इतक्या वर्षांत एकाही वाचकाने मला रस्त्यात अडवून म्हटलेले नाही, की तुमचा अमुक माणूस असे करायचा नाही. त्यांपैकी कोणाला माझी माणसे तेवढी ओळखीची झाली नाहीत. हे शल्य परीक्षणांनी जात नाही.

त्या सुटीतली एक गोष्ट सांगायची राहिली. ते बिनकव्हरी पुस्तक परत करायला मी गेलो, तेव्हा वाटेत सहज उघडले. उरलेल्या शेवटच्या पानाखाली तात्यांनी कोर्टाच्या वळणदार अक्षरात लिहिले होते: 'पुढील पाने गहाळ. शेवट हवा असल्यास गावभागात माझ्या समोरच्या घरी, साताऱ्याहून येणाऱ्या भाच्याकडे चौकशी करावी. गोळी सोडून बाकी ठीक.' मला इतकी लाज वाटली, की मी पुस्तक मालकापुढे टाकून पळालो.

जूनमध्ये आम्ही साताऱ्याला परतलो. श्रावणात मामीचे कार्ड आले. आईसाठी चार ओळी खुशालीच्या. तात्या मागच्या गुरुवारी झोपेतच गेल्याचे वृत्त. आणि तळाशी, जागा संपत आल्यामुळे बारीक अक्षरात माझ्यासाठी मजकूर: 'एक कंपाउंडर आणि एक बाई कसलासा शेवट विचारायला घरी येऊन गेली. पुन्हा येणार आहेत. काय सांगू?'

कार्डावर मावणार नव्हते, म्हणून मी आईकडून अंतर्देशीय पत्र मागून घेतले. भुयार ठेवले. वेषांतर ठेवले. खलपुरुष जिन्यावरून पळू लागला तेथे मी बराच वेळ थांबलो. मग झुंजारने त्याला हाक मारली. तो मागे वळला, दोघे समोरासमोर आले, आणि कागद तेथेच संपत होता, म्हणून उरलेले मी घडीच्या पट्टीवर लिहिले.