व्याकरण चालवताना

शाळेत गुरुजी एकेका पदाचे व्याकरण चालवावयास लावीत. पदवी पदरात पडून केंद्र सरकारची कारकुनी लाभली, तेव्हा ती पीडा टळली असे वाटले होते. म्हैसूरला बदली झाली आणि तिची पुन्हा गाठ पडली. फरक इतकाच, की या खेपेस वाक्ये संगणकाची होती.

आमच्या कचेरीतील निवृत्तिवेतनाची आज्ञावली 'पायथन' भाषेत, अनेक हातांनी लिहिलेली, फायली हजारावर. दर बदलला, की जुना दर कोठे कोठे लिहिला आहे ते हुडकणे आले. मी त्या फायली आठ प्रक्रियांना वाटून एकाच वेळी वाचावयास लावल्या. परंतु काही फायली पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीतील होत्या. तीत छापण्याच्या आज्ञेला कंस लागत नसे. तिसरीत ती व्याकरणाची चूक ठरते. अशी एक फाईल आडवी आली आणि निकाल गोळा करणेच थांबले. बाकीच्या प्रक्रियांनी केलेले काम कोणी पाहावे?

तेव्हा मी एक आळशी ओळ लिहिली: चूक आल्यास मुकाट्याने पुढे जावे. अहवाल निर्दोष निघाला. अधीक्षक संतुष्ट, आणि खोटे कशाला बोलू, मीही.

चार महिन्यांनी एक वृद्ध विधवा आली. तिला कुटुंब-निवृत्तिवेतन जुन्याच दराने मिळत होते. तो नियम नेमका गाळलेल्या फायलीत होता. आपलाच एखादा कागद द्यावयाचा राहिला का, असे तिने कन्नडमध्ये अगदी हळू विचारले. मला उत्तर सुचले नाही.

याच गावी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाची पुराभिलेख शाखा आहे. ओला कागद शिळेवर ठोकून, शाई लावून घेतलेले ठसे वाचणे हा तेथील विद्वानांचा व्यवसाय. अक्षर झिजलेले असले तर त्या जागी टिंबे देतात, तर्काने घातलेले अक्षर कंसात ठेवतात, आणि पुढची ओळ वाचतात. झिजलेली जागा लपवावी असे त्यांना वाटत नाही.

आता माझी प्रत्येक प्रक्रिया फाईलगणिक एक तर वाक्यवृक्ष परत देते, नाही तर चूक, ओळीच्या क्रमांकासह. पायथनचा स्वतःचा वाचक पहिल्या चुकीपाशीच थांबतो. म्हणून अडलेल्या फायली 'ट्री-सिटर' या साधनाकडे देतो. ते न कळलेल्या तुकड्यावर खूण करून पुढे वाचते. शेवटी दिलेल्या, वाचलेल्या आणि अडलेल्या फायलींचा मेळ आवक-जावक वहीसारखा घालतो.

गेल्या अहवालात त्रेचाळीस फायली अडलेल्या होत्या. अधीक्षकांच्या कपाळाला आठी पडली. मी यादी पुढे सरकवली आणि तिच्यावर त्यांची सही घेतली.