आईचा पाट

पेणच्या घरी आमचे सात पाट होते. आषाढात त्यातला एक गणपतीच्या कारखान्यात जायचा, मागच्या बाजूला खडूने आमचं आडनाव लिहून. भाद्रपदात तो मूर्ती घेऊनच परतायचा. बाकीचे सहा माणसांचे. सगळ्यांत बुटका आईचा. त्यावर बसून ती उन्हाळाभर पापड लाटायची आणि उठताना "आई गं" म्हणायची. ती तिची सवयच, असं आम्ही धरून चाललो.

लग्नानंतर काही वर्षांनी तो पाट मी रोह्याला आणला. त्यावर बसून नारळ खवले, भाज्या निवडल्या, मुलांना न्हाऊ घातलं. पन्नाशी उलटल्यावर एके दिवशी उठताना माझ्याही तोंडून तेच निघालं.

उजव्या गुडघ्यातली आणि खुब्यातली कूर्चा झिजली होती. २००० साली मुंबईत वाजपेयींचा गुडघा बदलला, तेव्हापासून हे ऑपरेशन आमच्याही घरी ठाऊक होतं. मी तीच धास्ती घेऊन गेले. डॉक्टर म्हणाले, "काकू, लागलं तर तेही करू. झिजलेलं भरून येत नाही, पण मांडीचे स्नायू बळकट झाले तर सांध्याचा भार ते उचलतील."

एक किलो वजन उतरलं, की पावलागणिक गुडघ्यावरचा सुमारे चार किलो भार कमी होतो. हा हिशेब ऐकून तांदळाच्या तीन भाकऱ्यांच्या दोन झाल्या. काठी मी दुखऱ्या बाजूला धरत होते, ती डाव्या हातात आली. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा. जमिनीवरची मांडी सुटली, खुर्ची आली, पाट माळ्यावर गेला.

मग व्यायाम शिकवणाऱ्या मुलीने विचारलं, "घरात चार बोटं उंचीची पायरी आहे का?"

पाट खाली काढला. ज्यावर बसून जेवलो, त्यावर पाय कसा द्यायचा? आधी हात लावून नमस्कार केला. मग तो भिंतीशी टेकवला, खिडकीचे गज धरले आणि चढले. उतरले. पहिल्या दिवशी पाच वेळा, आता पंधरा.

दुखणं गेलेलं नाही. पण कुंडलिकेच्या काठापर्यंत चालत जाते आणि चालतच परतते. आईच्या गुडघ्यांना आम्ही मात्र "वय झालं" एवढंच औषध दिलं होतं. पाट तर तेव्हाही घरातच होता.