पुढची तारीख

चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ (२०१४) चित्रपटातले नारायण कांबळे हे पासष्टीचे लोकशाहीर. मुलांच्या शिकवण्या घेतात, वस्त्यांमध्ये गातात. गटारात उतरणाऱ्या एका कामगाराने त्यांचं गाणं ऐकून जीव दिला, असा पोलिसांचा दावा. पुढे त्या कामगाराची बायको साक्षीला येते. नवरा उतरण्याआधी मॅनहोलमध्ये खडा टाकायचा. झुरळ बाहेर आलं की आत हवा आहे असं समजायचा. हे ती बाजारभाव सांगावा तसं सांगते. खटला खरं तर तिथेच संपायला हवा. पण तारीख पडते.

मला गाण्यावरच्या बंदीपेक्षा ही तारीखच जास्त धास्तावते. तिशीतला माणूस दोन वर्षं आत काढून पुन्हा उभा राहील. तब्येत ढासळलेल्या म्हाताऱ्या शाहिराला दोषी ठरवायचीही गरज नाही. खटला लांबला की काम भागतं.

शाहीर गप्प झाल्याची गोष्ट आमच्याकडेही आहे. आमच्या संगमनेरचा शाहीर अनंत फंदी. अहिल्याबाई होळकरांनी कानउघाडणी केली आणि त्याने डफ फोडून कीर्तनाची वाट धरली, ही गोष्ट इथे कौतुकाने सांगतात. त्याच अहिल्याबाईंचं नाव आता जिल्ह्याला आहे. ती गोष्ट दंतकथा असेलही. पण डफ फोडल्यावर त्या रात्री फंदीला झोप लागली का, हे सांगणारा कुणी भेटत नाही. (कीर्तनकार खूश, एवढं नक्की.)

‘कोर्ट’मध्ये कांबळे साकारणारे वीरा साथीदार नागपूरचे, ‘विद्रोही’ नियतकालिकाचे संपादक, चळवळीतलेच. १३ एप्रिल २०२१ रोजी करोनाने गेले. त्याच वर्षी २५ मे रोजी संगमनेरात तमाशा कलावंत कांताबाई सातारकर त्याच आजाराने गेल्या. तेव्हा जत्रा बंद, फड बंद. ज्या बाईने तमाशात शिवाजी महाराज उभे केले, तिच्या अखेरच्या दिवसांत ढोलकी मुकी होती. तो कुणाचा हुकूमशाही फतवा नव्हता, साथच होती. तरीही वय झालेल्या कलावंताचा गेलेला हंगाम परत येत नाही.

‘कोर्ट’ला राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं सुवर्णकमळ मिळालं. त्याच यादीत आपल्या श्रीगोंद्याच्या भाऊराव कऱ्हाडेंचा ‘ख्वाडा’ही होता. सरकारने शाहिराच्या सिनेमाला कमळ दिलं, हे बरंच झालं. शाहिरांचं पुढे काय, ते वेगळं.

सिनेमात जामिनावर सुटल्यावर कांबळे विश्रांती घेत नाहीत. पुन्हा स्टेजवर चढून गातात, मग छापखान्यात कामाला बसतात. पोलीस तिथूनच त्यांना परत उचलतात, या वेळी कलमं आणखी जड. वकील आजारपण पुढे करतो. न्यायाधीश म्हणतात, उन्हाळी सुट्टी लागतेय, हायकोर्टात जा.