चौथा रकाना

आमच्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र प्रथम आले ते मिरच्यांची पुडी होऊन. आई नारायणगावकडे कांदा काढणीच्या मजुरीला गेली होती, येताना तिने ती पुडी आणली. मी कागद सरळ करून वाचू लागले, तेव्हा बाबा कौतुकाने म्हणाले, "काय लिव्हलंय गं त्यात?" मी ठोकून दिले, "सरकारवर टीका आहे." खरे तर त्या पानावरचे 'गव्हर्नमेंट' आणि 'मस्ट' एवढे दोनच शब्द माझ्या ओळखीचे होते. बाबांचे समाधान झाले. मला मात्र रात्री झोप लागली नाही. घरात शिकलेली मी एकटी. माझे खोटे पकडणारे दुसरे कोणी नव्हते.

पुढे घोडेगावला वसतिगृहात राहून प्रथम वर्ष कला शाखेला बसले, तेव्हा वरच्या वर्गातल्या मुलींनी सांगितले, स्पर्धा परीक्षेला इंग्रजी लागते आणि इंग्रजी येते अग्रलेखातून. महाविद्यालयाच्या वाचनालयात इंग्रजी पेपर येतो. मुले शेवटचे क्रिकेटचे पान आधी पळवतात. मधले पान दिवसभर करकरीत राहते. तेच माझ्या वाट्याला आले. रोज वीस शब्द पाठ करायचे ठरवले. महिन्यात सहाशे शब्दांची वही भरली आणि डोके रिकामेच राहिले. त्यातला 'नॉटविथस्टँडिंग' मला इतका आवडला की एका ट्यूटोरियलमध्ये तो मी चार वेळा घातला. सरांनी चारही ठिकाणी तांबड्या शाईने गोल केले आणि खाली लिहिले, "बाई, साधा 'बट' पुरे."

रीत सांगितली तीही त्यांनीच. आठवड्याला एकच अग्रलेख घ्यायचा. पहिल्यांदा कोश न उघडता शेवटपर्यंत वाचायचा; लिहिणारा कोणाच्या बाजूने बोलतो आहे एवढेच ओळखायचे. मग त्याच विषयावरचा मराठी अग्रलेख वाचायचा आणि पुन्हा इंग्रजीकडे यायचे. अडलेला शब्द लगेच वहीत घ्यायचा नाही. निराळ्या तीन दिवशी भेटला तरच घ्यायचा. या रीतीने महिन्याला पंचवीस-तीसच शब्द होतात, पण ते टिकतात. शिवाय शब्द एकटा येत नाही, भावकी घेऊन येतो. 'सस्टेन' ओळखीचा झाला की 'सस्टेनेबल' आणि 'अनसस्टेनेबल' यांची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही.

मराठी आणि इंग्रजी शेजारी ठेवून वाचण्याची ही युक्ती सरांची आहे असे मी समजत होते. पत्रकार दिनाच्या कार्यक्रमात कळले की ती फार जुनी आहे. बाळशास्त्री जांभेकरांनी 6 जानेवारी 1832 रोजी मुंबईत 'दर्पण' सुरू केले, तेच मुळी दोन स्तंभांचे होते. एकात इंग्रजी, शेजारी मराठी. तेव्हा ते जेमतेम विशीतले होते, म्हणजे आमच्याच वयाचे! मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्याच्या आदल्याच वर्षीचा, आणि कँडीचा इंग्रजी-मराठी कोश निघाला तो 1847 मध्ये. म्हणजे 'दर्पण'च्या वाचकाला शेजारचा स्तंभ हाच कोश. माझ्याजवळ खिशात मावणारा कोश आहे, मोबाइल आहे (आमच्या वाडीत रेंज नाही, ती गोष्ट वेगळी), तरी मी कुरकुर करते.

माझ्या वहीत तीन रकाने होते : शब्द, वाक्य, अर्थ. चौथा नंतर आला. 'रिहॅबिलिटेशन'चा अर्थ कोशात 'पुनर्वसन' मिळाला आणि मी थांबले. आमच्याकडे पुनर्वसन ही क्रिया नाही, ते ठिकाण आहे. "मावशी कुठं ऱ्हाते?" "पुनर्वसनात." डिंभे धरणात मूळ आंबेगाव बुडाले, तालुक्याला नाव तेवढे उरले. तेव्हा चौथा रकाना आखला आणि वर लिहिले, 'आमच्याकडे'.

त्या रकान्याने मला पुष्कळ त्रास दिला. 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याची निर्यात बंद झाली आणि ती 4 मे 2024 रोजी खुली झाली. त्या काळात 'रिलीफ', 'डिस्ट्रेस', 'कन्झ्युमर', 'ग्रोअर' हे शब्द तीनदा काय, तीसदा भेटले. भाव पडला की कन्झ्युमरला रिलीफ आणि ग्रोअरला डिस्ट्रेस. अर्थ स्पष्ट होता. पण माझी आई यांत कुठे बसते? तिचे शेत खाचरापुरते, कांद्याचे नव्हे; आणि शहरातल्या ग्राहकासारखे भाव पडले म्हणून सुख वाटावे, तर भाव पडला की तिची मजुरी लांबते. त्या दिवशी चौथा रकाना कोरा ठेवला. तो अजून कोराच आहे.

पण सगळ्यांत जड गेला तो 'लँडस्लाइड'. 23 नोव्हेंबर 2024 ला विधानसभेचे निकाल लागले. 288 पैकी सव्वादोनशेहून अधिक जागा सत्ताधारी युतीला मिळाल्या. नंतरच्या अग्रलेखांत हा शब्द पुन्हा पुन्हा आला. कोशात दोन अर्थ होते : दरड कोसळणे, निवडणुकीतील प्रचंड विजय. हा दुसरा अर्थ एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत रूढ झाला, असे सरांनी सांगितले.

30 जुलै 2014 रोजी बुधवार होता. मी तेव्हा शाळेत होते. पहाटे माळीण गावावर डोंगर आला. सकाळी एस.टी. घेऊन गेलेल्या ड्रायव्हरला गावच दिसेना, तेव्हा बाहेर कळले. 151 माणसे गेली. बाबा फावडे घेऊन गेले होते. संध्याकाळी परतले ते जेवले नाहीत, आणि ओट्यावर बसून कितीतरी वेळ हात धूत होते. पुढे कित्येक पावसाळे रात्री जोराचा पाऊस आला की ते उठून डोंगराकडे बघत.

दिवाळीनंतरच्या सुटीत घरी गेले तेव्हा बाबांनी सवयीने विचारले, पेपरात काय आहे. मी या वेळी खरे वाचून दाखवले आणि तो शब्दही सांगितला. बाबा म्हणाले, "दरड म्हंजी जिंकणं?" मी म्हटले, "इंग्रजीत तसं म्हणतात." ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "त्यांच्याकडं डोंगर नसंल."

इंग्रजांचीच ही खोड आहे असे म्हणणे मात्र अन्यायाचे होईल. आपण नाही का मराठीत 'लाट आली' म्हणत? किनाऱ्यावरच्या एखाद्या कोळ्याच्या मुलीला तो शब्द माझ्यासारखाच खुपत असेल. असो. मी तिसऱ्या रकान्यात दोन्ही अर्थ लिहिले, परीक्षेत दोन्ही लागतात. चौथ्यात लिहिले, 'डोंगर आला'.

निघताना बाबांनी विचारले, "आपल्या हिरड्याला काय म्हणत्यात इंग्रजीत?" दर हंगामात ते तो गोळा करतात, वाळवतात, विकतात. कोशात सापडले, 'मायरोबॅलन'. बाबांनी दोनतीनदा म्हणून पाहिले, जमले नाही. हसून म्हणाले, "लिहून ठेव. पेपरात आला तर सांग."

लिहून ठेवला आहे. तीनदा भेटायच्या आधी वहीत घेतलेला तो एकच शब्द. अग्रलेखात अजून एकदाही भेटलेला नाही.